जीपचे पाटे, मिस्त्रीची मजुरी आणि आपला हिशेब

मिस्त्रीने मजुरी साडेचार हजार सांगितली होती. आम्ही ती तीन हजारांवर आणली. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेले, त्यामुळे घासाघीस अंगात मुरलेली. समोरच्याने भाव सांगितला की तो कमी करायचा, एवढेच आम्हाला ठाऊक. त्या संध्याकाळी गॅरेजातून मुलुंडला परतताना आम्ही मनातून खूश होतो. दीड हजार वाचले होते.

दीड महिन्याने भिवंडीहून माल घेऊन येत असता काशेळीच्या पुलाअलीकडे डावे चाक एका खड्ड्यात गेले आणि जीपची पुढची दोन्ही चाके अशी थरथरू लागली की स्टिअरिंग हातात राहीना. मिस्त्री लोक याला व्हॉबलिंग म्हणतात. ब्रेक जोराने दाबला तर गाडी कुठे जाईल याचा नेम नसतो. पाय उचलून, स्टिअरिंग नुसते धरून, वेग आपोआप उतरू द्यावा लागतो. अल्लाहची मेहेरबानी की मागे ट्रक नव्हता. तिथून बाळकुम, माजिवडा, तीन हात नाका करीत वीसच्या वेगाने घरी आलो. मुलुंड चेक नाका ओलांडला तेव्हा जीव भांड्यात पडला. (जकात २०१७ साली गेली, पण नाक्याचे नाव काही गेले नाही.)

ही गाडी म्हणजे महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटची, १९७८ सालची. आमच्या अब्बांनी ती जुनी म्हणून घेतली आणि भिवंडीहून कोऱ्या कापडाचे तागे आणायला वापरली. आज माल टेम्पोने येतो. तरी नमुने आणायला, पावसाळ्यात माग पाहायला जायला आम्ही जीपच काढतो. चारही चाकांना ताकद देणारी गाडी चिखलातून जशी निघते तशी दुसरी निघत नाही.

या जीपच्या कुळाची एक गोष्ट आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून जी कंपनी काढली तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद असे होते. धंदा पोलादाचा. १९४७ मध्ये विलीस जीपचे सुटे भाग परदेशातून आणून मुंबईत जोडण्याचे काम सुरू झाले. त्याच वर्षी गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा ठेवण्यात आले. एम अँड एम ही आद्याक्षरे तीच राहिली. भागीदार गेला तरी पाटी फारशी पुसावी लागली नाही, असे आमचे अब्बा हसून म्हणत. कंपनीतला भागीदार गेला, पण या गाड्यांच्या खाली झोपून त्या चालत्या ठेवणारे हात मात्र मुंबईत मोठ्या संख्येने आपल्या लोकांचेच राहिले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन पाहावे, चोर बाजारात पाहावे. गाडीचा कोणता नट कोणत्या सालचा आहे हे डोळे मिटून बोटाने सांगणारे उस्ताद तिथे बसलेले आहेत.

तर घरी आल्यावर आम्ही आणि आमच्या मुलाने एक साधी परीक्षा केली. ज्याच्याकडे जुनी जीप आहे त्याने ती जरूर करून पाहावी. पुढचे चाक जमिनीपासून वर उचलायचे, एक हात चाकाच्या वर आणि एक खाली ठेवून हलवायचे. खडखड जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचे आणि पुन्हा हलवायचे. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर दोष चाकाच्या बेरिंगचा. राहिली तर दोष किंगपिनचा, म्हणजे ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळते तिचा. मग हात चाकाच्या दोन बाजूंना ठेवून हलवायचे. तिथे खेळ असेल तर टाय रॉडची टोके झिजलेली. आमच्या गाडीला ब्रेक दाबूनही डावीकडची खडखड गेली नाही. आणि याच किंगपिनच्या नव्या बेरिंगचे पैसे आम्ही दीड महिन्यापूर्वी मोजले होते.

राग आला. त्याच गॅरेजात जाऊन भांडावे असे वाटले. पण काय बसवले होते ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे म्हणून आम्ही गाडी घरीच उघडायचे ठरवले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तेलाच्या डागांबद्दल आधीच बजावले, म्हणून दुकानातले बारदान आणून अंगणात अंथरले. मागच्या चाकांना लाकडी ओंडके लावले, चेसिसखाली दोन मजबूत लोखंडी घोड्या ठेवल्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी जाऊ नये. जॅक सरकायला एक क्षण लागतो आणि गाडीचे वजन कुणाची विनवणी ऐकत नाही.

चाक काढले, ड्रम काढला. ब्रेकची प्लेट नळीवर लोंबकळू न देता तारेने वर बांधली, नाहीतर रबरी नळी आतून फाटते आणि बाहेरून दिसत नाही. हब उतरवला, एक्सलचा दांडा बाहेर ओढला आणि नकल उघडले. वरची बेरिंग नवी होती, त्यात शंका नाही. खालची काढून रॉकेलने धुतली तेव्हा तिच्या रोलरवर गंजाचे खड्डे दिसले, नखाला लागावेत असे. जुनी बेरिंग ग्रीस लावून पुन्हा बसवली होती. वजन आणि चिखल जास्त खालच्या बेरिंगवरच येतो. उघडल्याशिवाय दिसणार नाही, म्हणून ती तशीच राहिली. आमच्याकडे कागद होता तो सिगारेटच्या पाकिटाचा आतला भाग, त्यावर फक्त एकूण रक्कम.

इथे आम्ही थोडे थांबून स्वतःकडे पाहिले. त्या माणसाने केले ते गैरच. पण आम्ही जे दीड हजार कापले ते त्याने कुठून काढायचे? जागेचे भाडे कमी होत नाही, हाताखालच्या पोऱ्याचा पगार कमी होत नाही. कमी होते ती न दिसणारी वस्तू. कापडातही असेच आहे. ग्राहकाने भाव फारच पाडला की विणणारा इंचात बसणाऱ्या धाग्यांची संख्या कमी करतो आणि कांजी जास्त लावतो. कापड हाताला भरीव लागते, पहिल्या धुण्यात उघडे पडते. ही गोष्ट आम्हाला तीस वर्षे माहीत आहे. मग गॅरेजात उभे राहिल्यावर ती आम्ही कशी विसरलो? कापडाचे फार तर कांजी निघून जाईल. किंगपिनचे तसे नाही, तिथे माणूस जातो.

मुद्दा आता स्पष्टच मांडतो. आपल्या समाजातला व्यापारी आपल्याच समाजातल्या कारागिराच्या मजुरीवर जितकी घासाघीस करतो तितकी तो वस्तूच्या भावावर करत नाही. छापील किमतीचा डबा निमूट घेतो. हाताच्या कामाला मात्र छापील किंमत नसते, म्हणून ते स्वस्त व्हावे असे आपल्याला वाटते. ही चाल दोघांनाही खड्ड्यात नेते, आणि आम्हाला तर अक्षरशः खड्ड्यात नेले.

मजुरीची खरी किंमत आम्हाला पुढच्या चार रविवारी कळली.

पहिल्या रविवारी फक्त जुने कप निघाले. बेरिंगचा बाहेरचा कप एक्सलच्या टोकाच्या गोळ्यात घट्ट बसलेला असतो. तो आतून पितळी दांड्याने, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला, हळूहळू ठोकत काढावा लागतो. एकाच बाजूला ठोकला तर तिरका होऊन अडकतो. आमचा अडकलाच. नवा कप बसवताना मात्र एक युक्ती हाती लागली: जुना कप वर उलटा ठेवून त्यावर ठोकले की नव्याला हातोडा लागत नाही आणि तो सरळ बसतो.

दुसरा रविवार शॅकलने खाल्ला. विलीसच्या जुन्या पद्धतीच्या या जीपला पाट्याच्या टोकाशी यू आकाराचे शॅकल असतात आणि त्यांचे बुश आट्यांचे असतात. त्यांतल्या काही शॅकलचे आटे उलटे, म्हणजे डावे. आम्ही दुपारपर्यंत घाम गाळून एक बुश सोडवायच्या नादात आणखी आवळत होतो. जोहरनंतर मुलाने बोट लावून दाखवले की त्या शॅकलच्या दांड्यावर एक लहानसा उंचवटा आहे. उलट्या आट्यांची ती खूण. कारखान्याने ती आमच्यासारख्यांसाठीच ठेवली होती, पण आम्हाला सांगणार कोण? मॅन्युअल इंग्रजीत. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठीत किंवा उर्दूत असे पुस्तक आम्ही तरी पाहिले नाही. ही विद्या उस्तादाच्या तोंडून शागीर्दाच्या कानात जाते, आणि मधे एक पिढी दुबईला गेली की तुटते.

पाट्यांची गोष्ट निराळी. डाव्या बाजूचे पाटे बसले होते, म्हणजे त्यांची कमान उतरली होती, आणि मधला सेंटर बोल्ट अर्धा कापला गेला होता. पाटे एकावर एक ठेवून एक्सलच्या जागी पक्के धरणारा हाच बोल्ट. तो तुटला की एक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. पाटे घेऊन आम्ही भिवंडीकडे ट्रक उभे राहतात तिथल्या एका कमानवाल्याकडे गेलो. त्याने एकेक पाटा ऐरणीवर थंडाच ठोकून पुन्हा कमान दिली. भट्टीत लाल करून वाकवणे सोपे असते, पण लाल झालेल्या पोलादाला नंतर नीट पाणी दिले नाही तर ते नरम पडते आणि महिन्याभरात पुन्हा बसते. थंडे ठोकायला वेळ तिप्पट लागतो. त्याने जी मजुरी सांगितली ती आम्ही दिली. एक शब्द बोललो नाही. त्यालाच नवल वाटले, दोनदा नोटा मोजल्या.

बेरिंगसाठी आम्ही कुर्ल्याला गेलो. तिथे एका वयस्कर दुकानदाराकडे जुन्या मालाचा ढीग होता. आम्ही सवयीने विचारले, याच्यात चांगल्यापैकी किंगपिनची बेरिंग निघेल का, स्वस्तात. तो म्हणाला, "सेठ, पाटा पुराना चलेगा, एक्सल पुराना चलेगा. ये बेरिंग पुरानी नहीं दूँगा." गल्ल्यावर आलेले गिऱ्हाईक त्याने परत पाठवायची तयारी दाखवली. नव्या बेरिंगच्या खोक्यावरचा छाप आणि बेरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर जुळतो का, तेही त्याने आम्हाला पाहायला लावले. नकली मालात खोके हुबेहूब असते, कोरीव नंबर पुसट असतो.

व्यापाराबद्दल आपल्याला लहानपणापासून मशिदीत आणि घरी जे सांगितले जाते ते नेमके हेच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले, ओले वर का ठेवले नाही, असा त्यांचा सवाल होता. जुना माल विकणे हराम नाही. जुना माल नवा म्हणून विकणे हराम आहे. फिकहमध्ये खियारे-ऐब म्हणून हक्कच आहे: खोट लपवलेली निघाली तर घेणाऱ्याने व्यवहार मोडावा. कापडबाजारात आपण हे पाळतो. डागी ताग्यावर खूण करतो, फेंटचा माल फेंट म्हणून वजनावर विकतो, आणि घेणाराही तो तसाच घेतो. मोटारींच्या धंद्यातल्या बांधवांनी हाच रिवाज का धरू नये? ज्याला जुनी बेरिंगच परवडते त्याला ती जुनी म्हणून द्यावी, तसे कागदावर लिहावे. मग तो चाळीसच्या वर गाडी पळवणार नाही.

कागदाचा विषय निघाला म्हणून आणखी सांगतो. सुटे भाग वेगळे, मजुरी वेगळी, अशा दोन ओळींचे बिल द्यायला खर्च येतो तो बिलबुकाचा. काढलेले जुने भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला तेवढाही येत नाही. मिस्त्री म्हणतात, भंगाराचे चार पैसे जातात. जाऊ द्यावेत. ज्या गॅरेजातून जुना भाग परत मिळतो तिथे गिऱ्हाईक घासाघीस करायला लाजते, हा आमचा आता स्वतःवरूनचा अनुभव आहे.

आणि सरकारदरबारी आपले मिस्त्री दिसत नाहीत, त्याचेही एक कारण हा कागदच. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमान कामगारांत स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचे नमूद आहे. म्हणजे नोकरीचा शिक्का नाही, कामाची नोंद नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ हुन्नर आहेत: लोहार, सुतार, कुंभार, शिंपी, न्हावी, धोबी, कुलूपवाला, हातोडा-अवजारे बनवणारादेखील. मोटार मिस्त्री त्यात नाही. का नाही, हे विचारायला कुणी शिष्टमंडळ गेल्याचे आमच्या कानावर आले नाही. ज्याच्या हाताखालून रोज माणसांचे प्राण जातात-येतात त्याला कारागीर मानायचे की नाही, हा प्रश्न आपल्या पुढाऱ्यांनी जरा लावून धरावा. कमानवाल्याने आपले नाव लोहारांत बसते का, हे तरी जाऊन विचारावे. कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून एक सोय आली की आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा देऊन दाखला मिळवायचा. असा दाखला भिंतीवर असला की मजुरी सांगताना आवाज खाली येत नाही. आणि मुले लहान असतील तर नुसते हाताखाली ठेवू नयेत. दहावी करून आय.टी.आय.ला घालावीत, आपल्या मुलुंडलाही आय.टी.आय. आहे. उस्तादाकडचे ज्ञान आणि मॅन्युअल वाचता येणे, दोन्ही एका मुलात आले तर उलट्या आट्यांवर त्याचा रविवार वाया जाणार नाही.

काही वाचक म्हणतील, एवढ्या जुन्या गाडीवर एवढा जीव कशाला. भंगारात द्या. तसे सरकारचेही म्हणणे दिसते: एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुन्हा करायची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती पुढे आणखी वाढली. आमचे म्हणणे वेगळे आहे. या गाड्यांवर शेकडो घरांची रिज्क चालते. पाटे ठोकणारा, लेथवर बुश काढणारा, बेरिंग विकणारा, सगळे. नव्या गाडीत भाग दुरुस्त होत नाही, बदलला जातो. जुनी गाडी माणसाला काम देते. मात्र ती रस्त्यावर सुरक्षित असेल तरच तिला उभे राहायचा हक्क आहे. निम्म्या दुरुस्तीची जीप आणि खोट्या वजनाचा काटा यांत आम्हाला फरक दिसत नाही.

तिसऱ्या रविवारी किंगपिन बसली. तिच्या वरच्या झाकणाखाली पातळ पत्र्याचे शिम असतात. एक काढला की बेरिंग घट्ट होते, एक घातला की सैल. फार घट्ट झाली तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, सैल राहिली तर पुन्हा काशेळी. नकल किती ओढीने फिरते ते स्प्रिंगच्या काट्याने मोजायचे असते. आम्ही दुकानातला सुताची गुंडी तोलायचा काटा आणला. कापडवाल्याचे एक तरी हत्यार कामी आले. मुलाने शिम काढला, घातला, पुन्हा काढला. पाचव्यांदा दोन्ही बाजूंचा काटा सारखा बोलला. चौथ्या रविवारी चाकाच्या बेरिंग ग्रीसने भरल्या, आतला नट चाक जड होईपर्यंत आवळून मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे घेतला, वायसरचा काठ वळवून बाहेरचा नट लावला. यू बोल्ट चारही नवे घातले आणि एकदम एक न आवळता तिरके तिरके, थोडे थोडे आवळले. ज्यांच्या गाडीला रबरी बुश आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावे: पाट्याचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

चार रविवारांचे मिळून आमचे दोघांचे सव्वीस तास गेले. तेच काम नीट करायला जाणत्या मिस्त्रीला, एका पोऱ्यासह, दीड दिवस लागतो. त्याचे दीड दिवसाचे साडेचार हजार आम्हाला महाग वाटले होते.

त्या गॅरेजात आम्ही अखेर गेलो. गंजलेली बेरिंग कागदात गुंडाळून नेली होती. भांडण झाले नाही. मिस्त्रीने ती पाहिली आणि खाली पाहिले. मग आतून चहा मागवला. म्हणाला, बेरिंगचे पैसे परत घ्या. ते आम्ही घेतले, कारण ते आमचे होते. मजुरीतले कापलेले दीड हजार त्याच्यापुढे ठेवले, तेव्हा तो घेईना. निघताना एवढेच ठरले की पुढच्या वेळी दोन ओळींचे बिल होईल.

जीप आता पन्नासला सरळ जाते. नवे यू बोल्ट पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा आवळावे लागतात. आमचे चारशे दहा झाले आहेत.